नीला सरावाला का येत नाही

२४ नोव्हेंबर १९९७
झालं एकदाचं. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की नीला आणि मी दिल्लीहून सायकलवरून आग्र्याला जाणार. फेब्रुवारीच्या शेवटी, तीन दिवसांत. आमच्या वैशाली वसाहतीत समोर टॉवर चढतायत, तिथल्या मजुरांच्या पोरांची शाळा ताडपत्रीखाली भरते. उन्हाळ्याच्या आत तिला छप्पर हवंय. चौहानसाहेब म्हणाले, "दोनों लेडीज़ पहुँच गईं, तो छत कंपनी की तरफ़ से." 'दोनों'वर जोर. वाटतंय त्यांना की वाटेतल्या पलवलहूनच रडत परत येऊ. बघाच म्हणावं.

नीला काही बोलली नाही, डबा खात होती. खूश असणार. आख्ख्या नोएडा ऑफिसात मराठीत भांडायला ती एकटीच आहे मला.

३० नोव्हेंबर, रविवार
पहिला सराव. हिंडन नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले, एकटीच. नीलाकडे पाहुणे. इतक्या वर्षांनी सीटवर बसले, पण पुण्याचे पाय, विसरतात कसले! मांड्या मात्र बोंबलतायत. वाटेत एक स्कूटरवाला थांबून म्हणे, "मैडम, गाड़ी ख़राब हो गई क्या?" इकडे बाई सायकलवर दिसली की गाडी बिघडलेली असणार किंवा डोकं. सॅम हसून हसून बेजार. नवरा आहे की कोण!

७ डिसेंबर
आली बाई! सरोजिनी नगरहून ऑटोने. नवी कोरी सायकल मागे बांधून. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. "चेन उतरलीय गं." म्हटलं, आण इकडे, दोन मिनिटांचं काम. "राहू दे, हात काळे होतील तुझे." मग माझ्या गॅलरीत चहा पीत तिने आख्खा रस्ता तोंडपाठ म्हणून दाखवला. पाणी कुठे, धाबा कुठे, बायकांची सोय कुठे. पलवलच्या धर्मशाळेत सांगून ठेवलंय, मथुरेला रेस्ट हाऊस, मनोहररावांच्या ओळखीने. मनोहरराव म्हणजे तिचे मिस्टर, कुठल्याशा मंत्रालयात. दिवसाला दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक 'चहा झाला का'.

प्लॅनिंग फर्स्ट क्लास. पण सायकल चालवणार कधी?

१४ डिसेंबर
धुकं. तरी गेले. नी.ला ताप.

२१ डिसें.
नी.ची चुलत नणंद आलीय. मागच्या आठवड्यात ताप, आता नणंद. मी काय एकटीने छप्पर घालू? फोनवर जरा जास्तच बोलले. ती "सॉरी गं" म्हणाली, तेही इतक्या बारीक आवाजात की माझाच राग पळाला.

२६ डिसें.
काल नाताळचं जेवण आमच्याकडे. नी. आणि मनोहरराव आले होते. केक वाढून घेताना तिची बाही वर सरकली. कोपर सोललेलं. दुसरंही. हनुवटीवर पावडर थापलेली, खाली हिरवट डाग.

रेचल पटकन म्हणाली, "मम्मा, आंटीला ते... क्या कहते हैं, छिल गया."
"खरचटलं म्हणतात," मी म्हटलं, आणि नी.कडे बघितलं.
"बाथरूममध्ये पडले."
मनोहरराव ताटात बघत होते. वर बघितलंच नाही त्यांनी.

६ जानेवारी
नी. आज लंगडत आली. "दार लागलं गं." बाथरूम झालं, आता दार. लहानपणी आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू होत्या, त्यांनाही असंच दार लागायचं. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

मनोहरराव? तो माणूस? सॅम म्हणतो, "उगाच डोक्यात काहीतरी घेऊन बसू नकोस." म्हटलं, गप्प माणसाच्या मनात काय असतं, तुला काय ठाऊक. सायकल-बियकल सुचत नाही.

११ जाने.
सकाळी तिला फोन केला. मनोहररावांनी उचलला. धापा टाकत होते. "नीला आत्ता बोलू शकत नाही," आणि ठेवला. बोलू शकत नाही म्हणजे काय? का नाही बोलू शकत? आणि हे का धापा टाकतायत?

१७ जाने.
लेडीज रूममध्ये गाठलं तिला. सरळ विचारलं, "नीला, घरी सगळं ठीक आहे ना?" डोळे भरले तिचे. "सांगेन गं. आग्र्याच्या आधी सांगेन," म्हणाली आणि नळ सोडून तोंड धुवायला लागली.

बस्स. उद्या जाऊन घेऊन येते तिला. आग्रा गेलं उडत, छप्पर नंतर बघू. सॅमला सांगितलं. तो उठला आणि रेचलची पुस्तकं हॉलमध्ये आणायला लागला. "खोली लागेल ना तिला," म्हणाला. कधी कधी फार आवडतो मला हा माणूस.

१८ जाने., रविवार
आता लिहिते आहे तरी हसू आवरत नाही. मध्येच रडूही येतंय.

सकाळी सातला सरोजिनी नगर. थंडी मी म्हणत होती. सॅमला स्कूटर घेऊन कोपऱ्यावर उभं केलं. वाटभर वाक्यं घोकत होते, 'बॅग भर, काही बोलू नकोस, चल.' मनोहररावांसाठी वेगळी वाक्यं होती, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. दाराला कुलूप. शेजारच्या पंजाबी बाईने बोट दाखवलं, "पीछे ग्राउंड में हैं दोनों, रोज़ का है इनका."

मागे गेले. मैदानात मंकीकॅप घालून मनोहरराव धावतायत. पुढे सायकल. सायकलवर नीला, पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला खोचलेली. यांनी कॅरियर धरलेला. "समोर बघ! खाली नको, समोर!" केवढा आवाज त्या माणसाचा! आणि ही किंचाळतेय, "सोडू नका! अहो, सोडू नका!" दोघं मिळून मेंदीच्या कुंपणात.

मी तशीच मटकन खाली बसले गवतात. ओल्या गवतात.

"तुला सायकल येत नाही?" एवढंच आलं तोंडातून.
"नाही येत!" नी. कुंपणातूनच ओरडली. "गिरगावात कुठे चालवणार होते, जिन्यात?"
"मग बोलायचं नाही आधी?"
"तू विचारलंस कधी? तुम्हा पुण्याच्या लोकांना वाटतं, पोरं सायकलवर बसूनच जन्माला येतात."

खरंच नव्हतं विचारलं. डोक्यातच आलं नाही. मराठी बाई, आणि सायकल येत नाही? मुंबईची आहे, हे काय मला माहीत नव्हतं?

मनोहरराव कपडे झटकत म्हणाले, "रूथताई, त्या दिवशी फोनवर तुटक बोललो, माफ करा. हिला खाली एकटीला उभं करून आलो होतो. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती हिने." मला त्यांच्याकडे बघवेना. घरी नेऊन पोहे केले त्यांनी, स्वतः. सॅमलाही कोपऱ्यावरून बोलावून आणलं. आम्ही दोघं खाली मान घालून पोहे खात होतो.

२० जाने.
नी.ला सगळं सांगितलं. काय समजले होते, कशाला आले होते. आधी इतकी हसली की कँटीनमधली माणसं बघायला लागली. मग विचारलं, "म्हणजे तू मला न्यायला आली होतीस?" म्हटलं, हो. "खोली रिकामी करून?" हो म्हटलं. मग तिने माझा डबा ओढून घेतला आणि माझी भाजी संपवली.

देवा, तुझे आभार. मूर्ख ठरले, बरं झालं ठरले.

२६ जाने.
सुट्टी. नी.ला वैशालीत आणलं. आमच्याकडे सेक्टर आखलेत, रुंद रस्ते झालेत, दिव्याचे खांबसुद्धा लागलेत, फक्त माणसं राहायला यायची आहेत. शिकायला याहून बरी जागा दिल्लीत नाही. धडकणार कुणाला? तरी एका खांबाला धडकली.

८ फेब्रु.
सरळ जाते. उजवीकडे वळते. डावीकडे वळत नाही. म्हटलं, आग्र्याला डावीकडे वळायला लागलं तर? "तीनदा उजवीकडे वळेन."

१३ फेब्रु.
आज कँटीनमध्ये चौहानसाहेबांनी विचारलं, "प्रैक्टिस कैसी चल रही है?" मी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात नी. उठून उभी. "सर, मुझे आती ही नहीं थी. अभी सीख रही हूँ." सगळे गार. साहेब आधी हसले, मग म्हणाले, "शर्त वही है. दोनों." नी. म्हणाली, "बिल्कुल."

२२ फेब्रु.
हिंडनपर्यंत जाऊन आलो. दोघी! आता डावीकडेही वळते. पण उतरता येत नाही अजून. ब्रेक लावला की घाबरून उडीच मारते. तेव्हा ठरलंय असं: मी पुढे जाऊन उतरायचं, रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि ती आली की हँडल पकडायचं. प्रत्येक धाब्यावर. आग्र्यापर्यंत.

२६ फेब्रु.
सरोजिनी नगरलाच मुक्काम, उद्या पहाटे इथूनच निघायचं. बॅगा भरल्या. सॅम आणि रेचल मथुरेला येतील.

जेवताना नी.ने विचारलं, "मी पलवललाच बसले तर गं?" म्हटलं, तर मीही बसेन तिथेच. छप्पर दुसऱ्या कुणाकडे मागू, दारोदार फिरू, घालू कसंही. पण तुला टाकून पुढे जाणार नाही. बोलून गेले आणि मग वाटलं, खरंच जाणार नाही.

आता बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलंय मला. आत नवरा-बायकोचं जुंपलंय. त्यांचं म्हणणं, तिने स्कूटरचं हेल्मेट घालून जावं. ती म्हणते, "आख्खा मथुरा रोड हसेल मला!" ते म्हणतात, "हसू दे, डोकं एकच आहे!" दोघांचाही आवाज चढलाय, भिंतीतून सगळं ऐकू येतंय. पोहोचू की नाही, कोण जाणे. पण हे भांडण ऐकत पडायला इतकं बरं वाटतंय, की झोपावंसंच वाटत नाही.