दंताळ्याने पुसलेली वाट

आठवा महिना, दिवस तिसरा

आलो एकदाचे! दुनह्वांग परगण्याच्या या टोकाच्या चौकीचा मी नवा नाईक. बुरूज, गोड्या पाण्याची विहीर, खरबुजांचे वेल आणि उत्तरेला, हद्दीलगत, वाळूचा लांबलचक पट्टा. तो संध्याकाळी दंताळ्याने सारखा करायचा आणि सकाळी पावलं बघायची. आत येणारी हूणांची, बाहेर जाणारी आपल्याच पळपुट्यांची. दिसली की बुरुजावर धूर, मग ठाण्यातले घोडेस्वार येतात. म्हातारा शिपाई गेंग म्हणाला, "साहेब, इथे तलवारीपेक्षा दंताळंच जास्त चालवावं लागतं!" तेवढ्यात आमची मिन सारख्या केलेल्या वाळूवरून दुडदुडत गेली. गेंगने कपाळावर हात मारला. माझी बायको युन पोट धरून हसली.

दिवस एकोणिसावा

ताप उतरलाच नाही. मिन गेली. हद्दीच्या आत सगळी पाटाच्या पाण्याखालची शेतजमीन, तिथे पुरायला परगण्याची मनाई. पट्ट्यापलीकडे पुरली. युन विचारते, एवढ्याशा पोरीला हद्दीबाहेर का ठेवलंत? काळीज फाटतं.

दिवस तेविसावा

पट्ट्यावर पावलं. इवलीशी, अनवाणी. थडग्याकडून आलेली, अर्ध्यावरून परत फिरलेली. गेंग म्हणतो कोल्हा. कोल्ह्याला अशी टाच असते? धूर केला नाही. वाळू सारखी केली.

दिवस चोविसावा

पुन्हा तिथूनच, पुन्हा अर्ध्यापर्यंत. युन किंचाळली, "तुम्ही रोज तिची वाट पुसता! दमते हो ती!" दंताळं तिने विहिरीत टाकलं.

दिवस सव्विसावा

पावलं दारापर्यंत आली. युनने उंबऱ्यावर ठेवलेली लापशी संपली होती. युन आनंदात आहे. मी अडसर घातला. पोटच्या पोरीला भितो मी — लाज वाटते.

दिवस सत्ताविसावा

अडसर काढलेला. पावलं बाहेर जाणारी. इवलीशी — आणि शेजारी युनची. गेंग रडत म्हणाला, साहेब, नियम आहे. त्याने धूर केला.

त्याच दिवशी

थडगं उघडं, रिकामं. पावलं पुढे उत्तरेला. घोडेस्वार निघाले असतील, पळपुट्यांना ते जिवंत आणत नाहीत. मी एका हाताने पावलं पुसत, दुसऱ्याने हे खरडत चाललोय. पुसली नाहीत तर युन मरेल. पुसली तर दोघींना परत यायला वाट —

टेकाडाआडून हाक. बाबा म्हणून. मिनचीच.

मागे टापा — थोडीच पावलं राहिली — माझा हात वाळूवर — मिन, बाळा, मी —