शनिवार माझा

शनिवार, १० जानेवारी

आजही तोच आला होता सोडायला.

मला उशीर झाला. मोठ्या दवाखान्यातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक बाई आणि तिची सासू. बाहेर काढल्या तेव्हा दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. लिफ्ट दुरुस्त करून, ऑइलचे हात पुसत पुसत वाचनालयात पोचलो. मागच्या खोलीत — लहान मुलांच्या — सतरंजीवर गोडबोल्या मांडी घालून बसलेला. टिल्ली त्याच्या खांद्याला टेकलेली. भोवती कुणाकुणाची पोरं, तोंडं उघडी टाकून.

त्याचं खरं नाव इथे लिहिणार नाही. आमच्या घटस्फोटानंतर टिल्लीच्या आईने ज्याच्याशी लग्न केलं, तो. बस स्टँडवर गाड्या पुकारतो. गाडी चुकली तरी माणसाला बरं वाटावं असा आवाज.

पण आवाजाचं एक वेळ सोडून दिलं असतं. टिल्ली वाचत होती. मोठ्याने. माझी टिल्ली दुसरीत आहे आणि बोलताना अडखळते. पहिलं अक्षर अडकतं, मान ताठ होते, डोळे मिटतात. शाळेत तिला वाचायला उभं करतच नाहीत. आणि इथे ती त्याच्याबरोबर वाचत होती. दोघं एका वेळी, एकच ओळ. तो जरा हळू, ती त्याच्या आवाजाला धरून. एक अक्षर अडलं नाही.

बापाला आनंद व्हायला हवा. मी दारातून मुद्दाम खाकरलो.

मला बघून तो उठला. पुस्तक हातात दिलं. "उंट आता नदीपाशी आलाय," म्हणाला आणि गेला.

मी पुढे वाचायला लागलो. टिल्लीने दोन ओळी सहन केल्या. "बाबा, उंटाचा आवाज असा न-नसतो."

"मग कसा असतो?"

"काका काढतात तसा." मग माझी कीव आल्यासारखं, "राहू दे. मी मनात वाचते."


सोमवार, १२ जानेवारी

उंट कसा ओरडतो हे ह्या गावात कुणाला माहीत आहे? मला नाही. गोडबोल्याला तरी कुठे असणार? पण त्याने काढला आणि तोच खरा ठरला.

आज कापडाच्या दुकानाच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. खाली आवाज छान घुमतो. दोन-चार प्रकार काढून बघितले. वरून वॉचमन ओरडला, "मास्तर, लागलं का कुठे?"

म्हटलं, नाही. घसा साफ करतोय.


गुरुवार, १५ जानेवारी

चिडून एकदा वाटलं, वाचनालयच सोडावं. दुसरीकडे कुठेतरी भेटावं तिला. पण कुठे? खोली मी आणि पेंटर अर्धी-अर्धी वापरतो, तो दुपारी बनियनवर घोरत पडलेला असतो. बागेत ऊन. हॉटेलात बसायचं तर मालक सारखा टेबलाकडे बघतो, आणखी काय आणू, आणखी काय. तिच्या घरी तर प्रश्नच नाही. कोर्टाने शनिवार दिला, पण तो ठेवायचा कुठे ते नाही सांगितलं.

वाचनालय तिच्या आईनेच सुचवलं होतं. "तिथे कोणी उठवत नाही," म्हणाली होती.

खरंच नाही उठवत. एक बाई तान्हं बाळ घेऊन येते, मासिक उघडं ठेवून नुसती बसते. घरी बहुतेक तिला बसू देत नसतील. परीक्षेला बसलेल्या दोन बहिणी खिडकीजवळची जागा धरतात. एक आजोबा पंख्याखाली झोपतात, चेहऱ्यावर अग्रलेख. सगळ्यांना ही जागा आपल्या घरासारखी झालीये. मीच पाहुणा. त्यात माझ्या आधी गोडबोल्या तिथला घरजावई होऊन बसलाय.


शनिवार, १७ जानेवारी

टिल्लीच्या दप्तरात वाचनालयाचं पुस्तक. म्हटलं, अरे वा, कुणाच्या कार्डावर?

"काकांच्या."

मी तडक टेबलापाशी गेलो. ग्रंथपालबाईंना सांगितलं, मला कार्ड हवंय.

"आहे की तिच्यासाठी एक."

"ते तिच्या काकांचं. मी बाप आहे."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. फोटो आणि वीजबिल लागेल म्हणाल्या. फोटो पाकिटात होता, पेंटरकडून वीजबिल मागवून घेतलं. कार्ड मिळालं. मी ताबडतोब दोन पुस्तकं घेतली, जाडजूड, चित्रांची. टिल्लीपुढे ठेवली.

तिने दोन्हींवरून हात फिरवला. "काका म्हणतात, एका वेळी ए-एकच घ्यायचं. नाहीतर दोन्ही अर्धी राहतात."


बुधवार, २१ जानेवारी

काका म्हणतात. काका म्हणतात. जिन्यावर पाय टाकला की तेच ऐकू येतं.


शनिवार, ३१ जानेवारी

तिचा समोरचा दात पडला. मंगळवारीच. मला आज कळलं. कुणी पाडला? काकांनी दोरा बांधून. दुखलं का? नाही, काका हसवत होते.

मी त्याच्यासारखं बरोबरीने वाचायला गेलो. जमलं नाही. मी पुढे पळतो, मग तिच्यासाठी थांबतो, मग ती माझ्यासाठी थांबते. दोन माणसं एकाच दारातून निघायला बघतायत तसं. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, तू लिफ्टची गोष्ट सांग." आज एका वकिलाला मी टेरेसवरून कसं उतरवलं ते सांगितलं. हसली. पण वाचणं त्याच्याकडे आणि हसणं माझ्याकडे, ही वाटणी मला मान्य नाही. मला दोन्ही हवंय. खोटं कशाला बोलू, त्याच्याकडे काहीच राहू नये असं वाटतं.


शनिवार, १४ फेब्रुवारी

आज तिची आई सोडायला आली. चपला काढायच्या फडताळापाशी उभी राहिली, आत आली नाही. मी विचारलं, तो कुठे?

"गेला. म्हणजे मीच सांगितलं, जा." आणि लगेच, "विचारू नकोस. तुझ्याशी तर मुळीच बोलणार नाही त्यावर."

मी विचारलं नाही. चेहरा सरळ ठेवला, त्याला कष्ट पडले. मनात उकळ्या फुटत होत्या. टिल्ली आत जाऊन सतरंजीवर बसली होती, पाठ दाराकडे.

संध्याकाळी पेंटरला जेवायला घेऊन गेलो. तो म्हणाला, काय, पगार वाढला का?


शनिवार, २१ फेब्रुवारी

माणसाला लाज नसते ती अशी.

वाचनकक्षात, वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी, अगदी टोकाला — गोडबोल्या. पेपर तोंडासमोर उभा धरलेला. तिथून मागच्या खोलीचं दार दिसतं. टिल्लीला दिसला नाही. मला दिसला.

मी ग्रंथपालबाईंकडे गेलो. "त्या माणसाला इथे येऊ देऊ नका."

"काय केलं त्यांनी?"

"काही नाही केलं."

"मग?"

"आता त्याचा काही संबंध राहिलेला नाही."

बाईंनी शिक्का खाली ठेवला. "हे बघा, पेपर वाचणाऱ्याला मी उठवू शकत नाही. इथे बसायला कुणाशी संबंध असावा लागत नाही. मागे एकांनी तक्रार केली होती, एक जण ऑइलचे कपडे घालून लहान मुलांत येऊन बसतो, त्याला बंद करा. त्यांनाही मी हेच सांगितलं."

ते ऑइलचे कपडे माझे. सतरंजीवर जाऊन बसलो. दार मात्र लोटून घेतलं.


शनिवार, २८ फेब्रुवारी

आज तिला दिसला. पाणी प्यायला गेली होती, वाटेत जागच्या जागी थांबली. धावत जाईल असं वाटलं. गेली नाही. तिने आधी माझ्याकडे बघितलं. जाऊ का, असं नाही. चालेल का, असंही नाही. मी चिडेन का, असं. सात वर्षांच्या पोरीने.

पाणी न पिताच परत आली. पुस्तक उघडलं. पहिल्याच शब्दाला अडली. मान ताठ, डोळे मिटलेले. मी म्हटलं, सोबत वाचूया. तिने पुस्तक मिटलं.

तिला आईकडे सोपवलं आणि मी मागे वळलो. तो पायऱ्यांवर बूट घालत होता.

"कशाला येता?"

"पेपर वाचायला."

"कालचा होता तो."

तो बुटाची नाडी बांधत राहिला. बांधलेली सोडून परत बांधली. मग म्हणाला, "तुम्हाला शनिवार आहे. भांडण झालं, लग्न मोडलं, तरी तुमचा शनिवार कुणी काढून घेतला नाही. मला कोण देणार? मी कागदावर तिचा कोणीच नाही. ती बालवाडीत होती तेव्हापासून डबा मी भरत होतो."

मी वाट अडवूनच उभा.

"तुमच्या लिफ्टच्या गोष्टी मला पाठ आहेत," तो म्हणाला. "रविवार ते शुक्रवार तेच ऐकायचो. बाबांनी असं केलं, बाबा तसं म्हणाले. वैताग यायचा हो."

स्टँडवरचा आवाज नव्हता तो. साधाच होता, थोडा बसलेला.

मी म्हटलं, "पुन्हा येऊ नका."


शनिवार, ७ मार्च

आला नाही.

माणसाने जिंकावं कसं, तर असं. वाचनालय माझं, सतरंजी माझी, शनिवार माझा. टिल्लीने मात्र दार सताड उघडं ठेवलं आणि त्या दाराकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी गेली. काहीतरी विचारायचं होतं तिला. "क — क —" होईना. बाई थांबून राहिल्या, शब्द पुरवला नाही. शेवटी टिल्लीने लांब टेबलाच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"नाही आले आज," बाई म्हणाल्या.

परत येऊन माझ्या शेजारी बसली. मी उंटाचा आवाज काढला. खास मेहनत घेतलेला. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "छान आहे."

असलेल्या माणसाशी बरोबरी करता येते. नसलेल्याशी कशी करायची?


मंगळवार, १० मार्च

टिल्लीच्या आईला फोन केला. म्हटलं, त्याला भेटू द्यायचं की नाही, हे तू ठरव.

"माझं आणि त्याचं संपलं," ती म्हणाली. "तिचं आणि त्याचं काय, ते मला कळत नाही. माझ्या घरी तो यायला नको. पण शनिवार तुझा आहे ना? मग तू ठरव."

नेहमी अशीच. गाठ बसली की दोरी माझ्या हातात.

नाही द्यायचा मला शनिवार. सहा दिवस ती माझ्याजवळ नसते. आठवड्यातून एकदा मिळणारी पोर, तीही वाटून घ्यायची? बाप मी आहे. नाक माझ्यासारखं आहे तिचं.


गुरुवार, १२ मार्च

जेवायच्या सुट्टीत बस स्टँडवर गेलो. का गेलो ते निघताना माहीत नव्हतं.

वर कर्ण्यातून त्याचा आवाज येत होता. फलाट बदलला आहे, प्रवाशांनी घाई करू नये. एक म्हातारी गाठोडं घेऊन धावत निघाली होती, ते ऐकून हळू चालायला लागली. मी उभा राहून ऐकलं. हेवा वाटलाच. तो जायचा नाही.

काचेच्या खोलीवर टकटक केली. त्याने माईक बंद केला, खिडकी सरकवली. घाबरलेला दिसला. "टिल्ली बरी आहे ना?"

हे पहिलं विचारलं त्याने.

वाटेत जे बोलायचं ठरवलं होतं, ते काही आठवेना. म्हटलं, "शनिवारी पेपर वाचायला येत जा."

"टेबलाशी बसतो. आत नाही येणार."

"टेबलाशी जागा नसेल," मी म्हटलं. "मी बसणार आहे तिथे."

त्याला कळायला वेळ लागला. तेवढ्यात कुणी तरी मागून ओरडलं, गाडी लागलीय, पुकारा. त्याने माईक चालू केला. पहिला शब्द त्याच्याही घशात अडकला. अख्ख्या स्टँडने ऐकलं.


शनिवार, १४ मार्च

वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलो. ऑइलचे कपडे बदलून गेलो होतो. पेपर पहिल्या पानापासून वाचायला घेतला, लग्नाच्या जाहिरातींपर्यंत पोचलो. दार उघडं होतं. मागच्या खोलीतून दोन आवाज येत होते, एकमेकांना धरून. मग त्यातला एक हळू होत होत थांबला. दुसरा तसाच पुढे वाचत राहिला, पानाच्या शेवटपर्यंत.

तो टिल्लीचा होता.