काळ्या डागाच्या हातभर खाली

मी, या सफरचंदाच्या बागेची मालकीण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. दबाव आणणारे आले होते. चहा पाजून परत पाठवले. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर मुलाला. त्याचं म्हणणं, बाग रोगट आहे, झाडं उपटून गोदाम बांधू. बांध बाबा, पण दुसरीकडे. बागेतलं पानसुद्धा त्याला मिळणार नाही.

२. माझ्या दिरांना स्पिरिटची एक भरलेली बाटली. जिवाणूचा करपा पहिल्यांदा आला तेव्हा मी घसा फोडून सांगत होते, "भावजी, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवा." ते म्हणाले, "वहिनी, तुमचं आपलं काहीतरीच!" आणि कात्री पँटला पुसत रांगभर फिरले. महिन्याभरात चाळीस झाडं जळाल्यासारखी काळी पडली. वर गावभर बोभाटा केला, की बाईच्या हाती बाग गेली म्हणून वाटोळं झालं. बाटली त्यांनी चारचौघांत स्वीकारावी.

३. बाग, विहीर, फवारणीचा पंप आणि माझी कात्री सूनबाईला, संपूर्ण मालकीहक्काने.

कारण लिहिणं भाग आहे. माझ्या यजमानांनी लावलेलं पहिलं झाड गेल्या बहरात करप्याने धरलं. शेंडे वाकून काळे पडले, सालीतून चिकट थेंब गळू लागले. नियम माझाच: काळं दिसतं त्याच्या हातभर खाली, चांगल्या लाकडात कापायचं आणि फांदी जाळायची. मी मात्र काळं तेवढंच छाटलं. हातच चालेना. रोग आतून बुंध्यापर्यंत उतरला, तरी मी "राहू दे" म्हणत राहिले. एके दिवशी मी बाजारात गेले असताना सूनबाईने झाड बुंध्यातून कापलं आणि जाळलं. मी तिला नाही नाही ते बोलले, तीन आठवडे अबोला धरला. ती रोज ताट वाढून ठेवायची. शेजारच्या रांगांत एकही डाग आला नाही.

४. तिच्या मालकीला हरकत घेणाऱ्याने आधी स्वतःच्या आवडीचं एक झाड हातभर खाली कापून दाखवावं, मग खुशाल कोर्टात जावं.

५. सूनबाई, तुझंच बरोबर होतं. भावजींत आणि माझ्यात तेव्हा काडीचा फरक नव्हता. हे तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहिते.

ठिकाण: बागेतली पेट्या भरायची खोली
तारीख: नऊ मार्च
सही: बागमालकीण
साक्षीदार: १. औषधविक्रेते (सही) २. निवृत्त पोस्टमन (सही)

दुरुस्ती, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: पोस्टमन म्हणाले, "बाई, पाचवं कलम मेल्यावर कशाला? ती बाहेरच छाटणी करतेय." इतर कलमं माझ्या मृत्यूनंतर. पाचवं आजपासून लागू. तिला हाक मारली आहे.