लाँड्रीची व्हॅन

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नकोस. उजवा हात थरथरतो, एवढंच. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. दुकानात आता मी घड्याळांचे पट्टे आणि सेल तेवढे बदलतो, आतल्या चाकांना हात लावत नाही. गिऱ्हाइकांच्या लक्षात आलेलं नाही. माझ्या आलंय.

पत्राचं कारण माझं काचेचं कपाट. त्यातल्या गाड्या तुला आजवर सगळ्या सारख्याच दिसत आल्या, म्हणून पुन्हा सांगतो. त्या जुन्या फ्रेंच व्हॅन आहेत, खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याच्या. पन्हळी पत्र्याची सिट्रोएन एच, चालकाचं दार सरकवून उघडायची रेनो एस्ताफेत, डुकरासारखं नाक असलेली प्यूजो. लोक शर्यतीच्या गाड्या जमवतात. मी पाव, दूध आणि टपाल पोचवणाऱ्या जमवल्या. खोक्यातून आली तशी एकही ठेवली नाही. प्रत्येकीला एकेक दुकान दिलं आणि बाजूवर त्या दुकानाची पाटी ब्रशने रंगवली. ती पाटी हाच माझा सगळा आनंद, हे तुला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात एका सिट्रोएनची लाँड्रीची व्हॅन करायला घेतली. कानस चालवताना हाताने झटका दिला आणि एका बाजूच्या पन्हळी पार सपाट झाल्या. तशीच कापडात गुंडाळून ठेवली. मग आमच्या छोट्या गाड्या जमवणाऱ्यांच्या क्लबच्या अध्यक्षांना फोन करून सांगितलं की महिनाअखेरच्या रविवारी या आणि सगळा संग्रह क्लबच्या हॉलमध्ये लावायला कायमचा घेऊन जा. ते आनंदाने हो म्हणाले. तुझी वहिनी यावर एक शब्द बोलली नाही, आणि ती गप्प बसली की काय समजायचं ते मला अजून कळलेलं नाही.

कृपा करून वाद घालू नकोस. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
टिकटिक्या

दि. ९ मार्च

चि. टिकटिक्या यास,
अ. उ. आ.

तू पाठवलंस ते पत्र नव्हतं, राजाने गादी सोडल्याचं फर्मान होतं. वाद घालू नकोस म्हणे! लहानपणी घरातलं गजराचं घड्याळ उघडून त्याचे दात मोजत बसलास, तेव्हापासून मी तुझ्याशी वाद घालते आहे. आता या वयात सवय मोडायची म्हणजे माझ्याच जिवाला धोका.

थट्टा बाजूला ठेवते. वडिलांनी सुतारकामाचं दुकान बंद केलं, हत्यारं ओळखीपाळखीच्यांना वाटून टाकली आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले. आधी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चौकशी करायचे, मग तीही बंद झाली. आईने काही विचारलं तर नुसती मान हलवायचे. वर्षभरात माणूस घरात असून नसल्यासारखा झाला. तू तेव्हा शिकायला बाहेर होतास, मी घरात होते. तुझ्या हाताची मला काळजी नाही, डॉक्टर बघतील. तू कपाट रिकामं करून तसाच एखाद्या खिडकीपाशी बसशील, याची मला खरोखर भीती वाटते. मी ते दुसऱ्यांदा बघणार नाही.

तेव्हा ती मोडकी व्हॅन मला पाठव. सोबत राखाडी रंगाची बाटली आणि एक-दोन चांगले फोटो. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, तुझी ती सिट्रोएन मला चाकांवर ठेवलेल्या पत्र्याच्या शेडसारखी दिसते. पण आयुष्यभर मी कवळ्या केल्या आहेत, अर्धी गल्ली माझ्या दातांनी हसते. जबड्यात दात बसवणारीला पत्र्यावर पन्हळी उठवायला कितीसा वेळ लागणार? कवळीच्या हिरड्यांना वापरतो ते गुलाबी ॲक्रिलिक भरीन, कोरीन, वरून तुझा राखाडी रंग देईन. तुझ्या लाँड्रीच्या आत हिरड्या आहेत हे कुणाला सांगू नकोस, म्हणजे झालं.

वहिनीला सांग, गप्प बसायला मी तिला शिकवलेलं नाही. पार्सलची वाट बघते. रागावलास तरी पत्र पाठवत जा.

तुझी,
ताई

दि. २१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. पन्हळी पाहून मी थक्क झालो. भिंगाखाली धरलं तरी जुनं कुठे संपतं आणि तुझं कुठे सुरू होतं ते सापडत नाही. इथपर्यंत तुझं मनापासून कौतुक.

पण बाकीचं काय करून ठेवलंयस? पुढच्या मडगार्डला पोचा आहे. मागचं एक दार किंचित खाली उतरलंय. एक दिवा भलतीकडेच बघतो. आधी वाटलं, पोस्टात आपटली असेल. मग पाहिलं तर रंग पोच्याच्या आतपर्यंत नीट गेलेला! म्हणजे तू हे मुद्दाम केलंस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. क्लबमध्ये गाडी हातात घेतली की आधी दोन्ही बाजू सारख्या आहेत का तेच बघतात. इतकी वर्षं मी नाकावर माशी बसू दिली नाही, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने ठोकलेली गाडी माझ्या कपाटात?

तुझ्या वहिनीने ती हातात घेतली आणि मोठ्याने हसली. म्हणाली, या कपाटातल्या गाडीतून कुणीतरी खाली उतरेल असं आज पहिल्यांदा वाटलं. म्हणजे तुम्ही दोघी एक झालात.

असो. पाटीची जागा कोरीच आहे. कोरीच राहणार, कारण ते माझ्याने होत नाही. काल ब्रश उचलला आणि परत ठेवला. ताई, फार वाईट वाटलं. रविवारी अध्यक्ष येताहेत, मी शब्द दिलाय.

रागात लिहिलंय, पण नमस्कार खराच आहे.

तुझा,
टिकटिक्या

दि. २४ मार्च

चि. टिकटिक्या यास,
अ. उ. आ.

मुद्दाम केलं. शंभर वेळा विचारलंस तरी हेच सांगीन.

मी नवी नवी कामाला लागले तेव्हा एका गाणं शिकवणाऱ्या बाईंची कवळी केली. सगळे दात एका रेषेत, मोत्यांसारखे. मला वाटलं, आता माझं नाव होणार. बाई चौथ्या दिवशी परत आल्या आणि म्हणाल्या, आरशात कुणी दुसरीच बाई दिसते, माझा तो वाकडा दात मला परत द्या. तेव्हापासून मी आधी जुना फोटो मागते आणि एक तरी दात जरासा वळवून लावते. खऱ्या तोंडात सगळं सरळ कधीच नसतं. तुझ्या लाँड्रीची व्हॅन रोज सकाळी अरुंद गल्ल्यांत शिरते, मळक्या चादरींचे गठ्ठे तिच्यात आदळतात, तिचं मागचं दार दिवसभर उघडमीट होतं. ते खाली उतरणार नाही तर काय होणार? मी ती बिघडवली नाही रे, कामाला लावली.

आता पाटी. ती तूच रंगवायची, आत्ता जो हात आहे त्याच हाताने. लाँड्रीवाल्याकडे पेंटर लावायची ऐपत नव्हती असं समज. त्याने धंदा सुरू व्हायच्या घाईत, शिडीवर उभं राहून, स्वतःच अक्षरं काढली. त्याचा हात कुठला स्थिर असणार? थरथर लपवू नकोस. तिला थांबवायला जाशील तर अक्षर मरेल.

नाही जमलं तर रविवारी खुशाल सगळं देऊन टाक, मी परत एक अक्षर लिहिणार नाही. पण बसून बघ. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस आणि मला तू आहेस तसा, कटकट्या, कामात बुडालेला हवा आहेस. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

वहिनीला आशीर्वाद. तिला म्हणावं, तुझी नजर चांगली आहे.

तुझी,
ताई

दि. ३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद केलं आणि बसलो. पहिलं अक्षर फुगलं, पुसून टाकलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी तुझ्या त्या शिडीवरच्या माणसाला डोळ्यांसमोर आणलं आणि हाताला म्हटलं, जा बाबा कुठे जायचं तिथे. ब्रश पन्हळीवर चढला, उतरला, जरा अडखळला, पुढे गेला. संपल्यावर भिंग लावलं. ताई, आजवर इतक्या पाट्या रंगवल्या, त्या सगळ्या छापल्यासारख्या दिसतात. ही कुणीतरी रंगवलेली दिसते. मी तिथेच बसून पोटभर हसलो, आणि तुझी वहिनी काय झालं म्हणून धावत आली.

रविवारी अध्यक्ष कापूस आणि खोकी घेऊन आले. तू आता डोक्याला हात लावशील, पण मी शब्द पाळला. कपाटातल्या सगळ्या व्हॅन देऊन टाकल्या, एकूण एक. गुंडाळताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. नुसत्या बघण्यासारख्या गाड्या आहेत, हॉलमध्ये लोक बघतील. लाँड्रीची तेवढी दिली नाही. त्यांनी हात पुढे केला तेव्हा सांगितलं की ती कामावर आहे.

आणि बदल्यात एक गोष्ट मागितली. क्लबच्या हॉलमध्ये जिन्याखाली मोडक्या गाड्यांचं मोठं खोकं वर्षानुवर्षं धूळ खात पडलंय. कुणाचं छप्पर गेलं, कुणाचा आस तुटला, म्हणून सभासदांनी टाकून दिलेल्या. ते खोकं मला पाठवा म्हटलं. अध्यक्षांना वाटलं, हातासोबत माझं डोकंही हललं. पण संध्याकाळी पोचवून गेले. आता जेवणाचं टेबल गेलं, तुझी वहिनी ताट मांडीवर घेऊन जेवते आणि येताजाता उरलेल्या चाकांच्या जोड्या लावून देते. यातलं काम माझ्या हयातीत संपेल असं वाटत नाही.

उद्याच्या टपालाने पाववाल्याची एस्ताफेत निघते आहे. छप्पर नाही, पुढची काच नाही, सरकतं दार अर्ध्यात अडकलंय. ते दार अडकलेलंच राहू दे. पोचे तुझ्या मर्जीने पाड. आरसा मात्र सरळ बसव, चालकाला मागचं दिसलं पाहिजे. पाटीला हात लावू नकोस, ती माझी.

लवकर पाठव, खोळंबलो आहे. लोभ पार्सलासोबत यावा.

तुझा,
टिकटिक्या