एक दाता कमी

१० फेब्रुवारी
सर्वेशने ठाण्याहून टेम्पोत घालून त्याची रोड बाईक पाठवली. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणतो. वर फोनवर सांगतो, बाबा, जमली तर चालवा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. जमली तर! ज्याने विठ्ठलला डबलसीट घेऊन खोडाळ्याचा बाजार केला त्याला पोटचा मुलगा म्हणतो, जमली तर.
सायकल देखणी आहे. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं. टायर इतके बारीक की बायकोने, आशालताने, विचारलं, यात हवा भरतात की नुसता दोरा आहे?

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
मोखाड्याहून विठ्ठलचा फोन. किराणा दुकान विकलं. बोहाडा, म्हणजे गावचा मुखवट्यांचा उत्सव, झाला की मुलीकडे, रोशनीकडे, नाशिकला. कायमचा. एवढी बातमी त्याने "जेवलास का" विचारता विचारता सांगितली. उभ्या आयुष्याची मैत्री, आणि निर्णय घेताना मला विचारलंसुद्धा नाही. मग तोच म्हणाला, मास्तर, यंदा बोहाड्याला पूर्वीसारखे सायकलवर जाऊ. मी शेजारच्या चंदूची सायकल जीपच्या टपावर टाकून आदल्या दिवशी जव्हारला येतो, सकाळी दोघं निघू. पुन्हा कधी व्हायचं हे?
डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. रात्रभर संबळ, मशाली, देवादैत्यांचे मुखवटे. परतताना विठ्ठल मागे कॅरियरवर पेंगायचा, मी पुढे चालीवर कविता म्हणायचो, आणि घाट कसे आपोआप मागे पडत.
बावीस मार्च ठरली.
संकल्प : रोज सकाळी सराव. चहात साखर बंद.

१२ फेब्रुवारी
अलार्म वाजला नाही. उद्यापासून. चहात साखर होती, पण ती आशालताने आधीच घातलेली.

१५ फेब्रुवारी
सराव सुरू. वर्गात मी वृत्तं शिकवायचो तेव्हा शेजारच्या वर्गातली गणितं थांबायची. तीच विद्या आता कामाला आली. सपाटीवर पायडल भुजंगप्रयातात पडतं. यमाचा यमाचा यमाचा यमाचा. सुरेख. पण मोखाडा रस्त्याचा पहिला चढ लागला की मंदाक्रांता. सुरुवातीचे चार गुरूच पाय गिळतात. पुढचे पाच लघू येईपर्यंत मी वळणावरच्या पळसापाशी खाली उतरलेलो असतो.
डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली हिरी मागून आली आणि पुढे गेली. जाता जाता म्हणाली, काय गुरुजी, सायकल दमली काय?
सायकलच दमली. तिलाही कळलं.

१६ फेब्रुवारी
कारण सापडलं. पुढच्या दात्यांच्या चक्राला इंग्रजीत चेनरिंग म्हणतात. माझ्या सायकलीला दोन आहेत. बाहेरचं त्रेपन्न दात्यांचं, आतलं एकोणचाळीसचं. दाते जास्त तेवढा चढ जड. चेन बाहेरच्यावर असते. आतलं कंपनीने जादा दिलेलं दिसतं, जीपला मागे स्टेपनी असते तसं. चांगली कंपनी आहे.

१९ फेब्रुवारी
आशालताने पायडल फिरवत सायकल पुसताना डाव्या ब्रेकमागची छोटी पट्टी आडवी ढकलली. खडाक् आवाज. चेन घसरून स्टेपनीवर. म्हणाली, मी काही केलं नाही, तीच पडली. गुडघ्यावर बसून चेन हाताने पुन्हा मोठ्या चक्रावर चढवली. हात काळे. माझ्या सायकलीला हात लावायचा नाही असं बजावलं.
गुडघा दुखतो. आशालता म्हणते डॉक्टरला दाखवा. बसल्यामुळे दुखतो. चालवल्यामुळे नाही.

२२ फेब्रुवारी
सर्वेशला सहज सांगितलं की मोठं चक्र काढून स्टेपनी बसवायची म्हणतो. तो हसला. सूनबाई हसली. स्पीकर चालू होता हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा, ती स्टेपनी नाही, चढावर चेन त्याच्यावरच टाकायची असते, डाव्या ब्रेकमागची छोटी पट्टी आत ढकला की पडते.
म्हणजे इतके दिवस मी मोठ्या चक्रावर चढ चढत होतो. कुणीही न सांगता. लहानपणी याला मी बोट धरून सायकल शिकवली, पाडली नाही एकदाही. सायकल पाठवताना एक वाक्य बोलायला काय झालं होतं?
एक मात्र सिद्ध झालं. दोष माझ्यात नव्हता.

२३ फेब्रुवारी
डावी पट्टी ढकलली. चेन आतल्यावर. आता बघा म्हणावं.
त्याच पळसापाशी उतरलो. पळस फुललाय मात्र छान. मी तो बघायलाच उतरलो असं हिरीला सांगितलं. ती म्हणाली, कालपण बघितला ना गुरुजी, परवापण.

२४ फेब्रुवारी
एकोणचाळीससुद्धा जास्त. नेटवर वाचलं, डोंगरात लोक चौतीसचं लावतात. चढावर भुजंगप्रयात हवा तर चौतीसच. प्रश्न सायकलीचा नाही, फक्त पाच दात्यांचा आहे.
चक्र पाच बोल्टांनी बसतं. फूटपट्टीने एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत मापलं, साडेसात सेंटिमीटरच्या वर थोडं. जाहिरातीत ११० मिलिमीटर असं काहीतरी लिहिलंय. तो त्यांचा मालाचा नंबर असणार. फोटोत पाच भोकं स्पष्ट दिसतात. माझीही पाच. मागवलं.
विठ्ठलला फोन करून सांगितलं की तयारी जोरात आहे. तो म्हणाला, माझी तयारी म्हणजे एक टॉवेल.

३ मार्च
आलं! चौतीस दाते. काळं, चकचकीत, हलकं. आशालताला हातात धरून बघायला सांगितलं. ती म्हणाली, चाळणी कशाला मागवली?

३ मार्च, दुपार
बसत नाही.
एक बोल्ट घातला की बाकीची चार भोकं बिनओळखीच्या माणसासारखी दुसरीकडे बघतात. सायकल दुरुस्तीच्या दुकानात माघ्याकडे नेलं. त्याने चक्र उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि विचारलं, गुरुजी, भोकं पाडू का नवी? शेजारी वेल्डिंगवाला हाय. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग तो म्हणाला की नाहीतर हातोड्याने बसवतो. परत आलो.

४ मार्च
सगळं वाचून काढलं. शेजारशेजारची भोकं मापायचीच नसतात. पाचही भोकांच्या मधून जे वर्तुळ जातं त्याचा व्यास मापायचा. माझं वर्तुळ १३० मिलिमीटरचं, नवं चक्र ११०चं. मालाचा नंबर नव्हता तो. भोकं सारखीच पाच, पण वर्तुळ वेगळं. बाहेरून दोघं भाऊ वाटावेत आणि एकमेकांच्या घरात पाय ठेवता येऊ नये, असा प्रकार.
आणि कहर म्हणजे १३०च्या वर्तुळावर अडतीसपेक्षा लहान चक्र बसूच शकत नाही. चौतीस हवं तर पायडलचा सगळा दांडाच, म्हणजे क्रँक, बदला. ही गोष्ट कंपनीने सायकलीवर ठळक अक्षरांत लिहायला नको होती? पाठ्यपुस्तकात अशी चूक असती तर मी शुद्धिपत्रक पाठवलं असतं.

५ मार्च
निर्णय. अडतीस. सर्वेश म्हणतो, एका दात्याने काही फरक पडत नाही बाबा. त्याला वृत्त कधी कळलंच नाही. एक मात्रा कमी झाली की ओळ बदलते, चाल बदलते, सगळी कविता बदलते. एक दाता म्हणजे थोडं आहे?
मागवलं. या वेळी १३०, पाच बोल्ट, दहा गिअरच्या चेनचं, आत बसणारं. तीनदा वाचून पाहिलं.

६ ते १२ मार्च
सराव नाही. जुन्या चक्रावर सराव केला तर पायांना चुकीची सवय लागेल.

१४ मार्च
एकोणचाळीसचं चक्र काढून ठेवलं, म्हणजे नवं आलं की लगेच बसवता येईल. बोल्ट काढताना आशालताची नेलकटरची पेटी वापरली. ती बोलत नाही. गुडघ्याला बरं वाटतंय. विश्रांतीमुळे नव्हे, एकोणचाळीस निघाल्यामुळे.

१८ मार्च
कुरिअरच्या तुषारकडे गेलो. पार्सल वाड्याला, तालुक्याच्या गावी, अडकलंय म्हणाला. कालही वाड्यालाच होतं. वाड्यात काय एवढं आहे?

२१ मार्च, संध्याकाळ
विठ्ठल आला. जीपच्या टपावरून चंदूची सायकल उतरवली. साधी, काळी, घंटी मोडकी, मागे कॅरियर. गिअर एकही नाही. त्याने माझी सायकल बघितली आणि विचारलं, ही अशी कंबर मोडून का उभी आहे? त्याला सगळं समजावलं. वर्तुळ, व्यास, अडतीस. तो बटाट्याची भाजी खात होता. शेवटी म्हणाला, मग जुनं लाव ना परत, पाच बोल्टच तर आहेत.
जुन्याशी माझा संबंध संपलाय, असं मी सांगितलं. सकाळपर्यंत पार्सल येईल. तुषारने शब्द दिलाय. म्हणजे, बघतो म्हणालाय.

२२ मार्च, सकाळ
पार्सल नाही.
विठ्ठल आंघोळ करून, टॉवेल कॅरियरला बांधून तयार. मी म्हटलं, दुपारपर्यंत थांबू. तो म्हणाला, ऊन चढेल. मग म्हणाला, चल, डबलसीट. पूर्वीसारखं. या वेळी मी चालवतो, तू मागे बसून कविता म्हण.
मला क्षणभर बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. पण म्हटलं, अरे, चढावर तुला मी ओढवेन? त्यावर तो सहज, टॉवेलची गाठ आवळता आवळता बोलून गेला. म्हणाला, चढ आला की उतरून चालू. पूर्वीही आपण उतरतच होतो की मास्तर. प्रत्येक चढाला. मोखाड्याची अर्धी वाट तर चालतच गेलोय आपण.
हे त्याने बोलायला नको होतं.
मी तो घाट चढलो आहे. विठ्ठलला मागे घेऊन, चालीवर कविता म्हणत चढलो आहे. आशालताकडे पाहिलं. ती चहा गाळत होती. तिने चहाच गाळला.
माणूस गाव सोडतो, दुकान विकतो, ते समजू शकतो. पण जाता जाता माझ्या घाटावरून मला खाली उतरवायचं? मी म्हटलं, तू हो पुढे. मी चक्र बसवून मागून येतो. कॅरियरवर बसून मी मोखाड्यात शिरणार नाही.
त्याने सायकल अंगणाबाहेर काढली. मग म्हणाला, बरं. मी गावात शिरताना वळणावर थांबतो. तू आल्यावर बरोबरच आत जाऊ.
गेला. पहिल्या चढाला उतरला असणार.

२२ मार्च, दुपार
आशालता जीपने मोखाड्याला गेली. तिलाही बोहाडा बघायचाय म्हणे. इतकी वर्षं कधी म्हणाली नव्हती. जाताना विचारलं, येता का, जीपमध्ये जागा आहे. मी म्हटलं, विठ्ठलला शब्द दिलाय, सायकलवरच येणार. भात झाकून ठेवलाय.
विठ्ठलचा फोन. कुठपर्यंत आलास? मागे बायामाणसांचा गलबला. म्हटलं, निघतोच आहे.

२२ मार्च, पाच वाजता
पुन्हा त्याचा फोन. म्हटलं, घाटात आहे. आवाज नीट येत नाही. बंद केला.
खोटं नव्हे. मनाने होतोच.

२३ मार्च
पार्सल आलं. अडतीस दाते. पाचच्या पाच बोल्ट लोण्यात सुरी जावी तसे बसले. डोळ्यांत पाणी आलं. दाखवायला घरात कुणी नाही. लगेच निघालो.
त्याच पळसापाशी उतरलो. फुलं गळून गेलीत. चक्र नवीन आहे, रुळायला वेळ लागणारच.

२४ मार्च
आशालता परत आली. देवी काय सुंदर नाचली म्हणाली. मग चप्पल काढता काढता सांगितलं की विठ्ठल भाऊजी संध्याकाळपर्यंत वळणावर बसून होते. चंदूची सायकल झाडाला टेकवून. कुणी सायकलवाला दिसला की उठून उभे राहायचे. संबळ वाजायला लागलं तरी तिथेच. शेवटी तिनेच जाऊन त्यांना आत नेलं. त्यांनी विचारलं, वहिनी, मास्तरांची सायकल वाटेत मोडली का हो? आणि ही म्हणाली, हो भाऊजी, मोडली, नाहीतर ते नक्की आले असते.
माझ्या नावावर खोटं बोलली. मला न विचारता. मित्र तसा, बायको अशी.
तिला विचारलं, मग तो काय म्हणाला? म्हणाले, वाटलंच मला, आणि डोळे पुसून हसले. आज सकाळच्या गाडीने नाशिकला गेले.
नंबर तोच आहे ना, विचारलं. तोच आहे म्हणाली.
फोन करायला हवा. चक्र बसलं हे कळवायला हवं. पण एक दाता कमी झाल्यावर चेन थोडी सैल पडते, ती एका कडीने लहान करावी असं लिहिलंय. त्याचं हत्यार माघ्याकडे नाही, मागवावं लागेल. ते आलं की चेन, मग एकदा नीट सराव, आणि मग लगेच फोन.