दाराबाहेरच्या चपला

बुधवार, संध्याकाळ

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

नगरात, दिल्ली दरवाजाच्या आत, एकट्या बाईला कोणी घर देईना, म्हणून मी थाप मारली होती. नवरा आहे, गुजरातला नोकरीला, सणासुदीला येतो. बाजारातून पुरुषी चपला आणून दाराबाहेर ठेवल्या. नव्या कोऱ्या. झाडताना रोज जरा इकडेतिकडे सरकवायचे, वापरातल्या दिसाव्यात म्हणून. काय खूश होते मी स्वतःच्या हुशारीवर!

आज सुप्याहून कंपनीच्या बसनं आले, तर जिन्यात मालकीणबाई. हसत म्हणाल्या, "तुमचे मिस्टर आल्ते की दुपारी! तुमी सांगितलं न्हाई कवा येनार ते."

तरी मी हसले. का हसले?

"किल्ली इसरले म्हनं. मग मी माझ्याकडली दिली. लई सभ्य मानूस हाय."

घरात काही हललेलं नाही. कपाट, गॅस, गादी, सगळं जागच्या जागी. मग चपला उलट्या करून पाहिल्या. तळाला माती. घालून फिरलाय तो, आणि परत नीट जोडीनं लावून ठेवल्यात. कोण? कंपनीतला? समोरच्या दुकानातला? माझं सोंग कुणाला कळलं? आणि किल्ली अजून त्याच्याकडेच आहे.

खाली जाऊन सांगायला हवं, मला नवराच नाही. घर जाईल. जाऊ दे. आतून कडी लावलीय, ती काढायचा धीर होत नाही.

जिन्यात पावलं वाजतायत. मालकीणबाईंचा आवाज येतोय, "या की! हायेत त्या घरी."