आबांच्या गुडघ्यातलं पाणी

५ फेब्रु.
आत्याचा फोन. "तुज्या बापाचा गुडघा सुजलाय, तीन दिस झाले." सांगितलं आज. कंपनीतून थेट गावी, टाकव्याला. डावा गुडघा ३६.५ सेंमी, उजवा ४१. गरम. वर आत्याने बिब्बा लावलेला, कातडीला फोड.
आबा म्हणाले, "तिला बोलू नको. मीच म्हनलं लाव."
फोडांवर स्वच्छ फडकं बांधलं.

६ फेब्रु.
तळेगावला हाडांचे डॉक्टर. ताप १००.४. आत जंतू की स्फटिक, ते पाणी काढल्याशिवाय कळणार नाही. जंतू असतील तर ऑपरेशन. सुईच्या नेहमीच्या जागी नेमके फोड. तिथून सुई घातली तर बाहेरचे जंतू आत. मग दुसऱ्या बाजूने, धड कातडीतून. ३५ मिली, गढूळ. मी सिरिंजवरचे आकडे वाचत होते. आबा माझ्याकडे बघत होते, नंतर लक्षात आलं.

७ फेब्रु.
कॅल्शियमचे स्फटिक, शंकरपाळ्याच्या आकाराचे. स्यूडोगाउट, म्हणजे सांध्यात खडे साचून सूज. जंतूंचा पक्का रिपोर्ट बाकी. क्रिएटिनिन जास्त, मूत्रपिंड कमजोर, म्हणून ठणक्याच्या नेहमीच्या गोळ्या बंद. कोल्चिसिन, तेही कमी.
"कॅल्शियम म्हंजे चुनाच की. सोडतो."
"चुन्याचा संबंध नाही, आबा. तंबाखू सोडा."
"न्हाई, चुनाच सोडतो."

९ फेब्रु.
जंतू नाहीत. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. पुन्हा होऊ शकतं, दुसऱ्या सांध्यातही, मनगटातसुद्धा. कधी, ते सांगता येत नाही म्हणे.
लोणावळ्याला माझ्याकडे आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी आणि शेजाऱ्याने मिळून चढवलं.

१३ फेब्रु.
उजवा गुडघा ३७.५ सेंमी. ताप नाही.
"म्हशी कोन बघंल? आन् मला हितं कोंडून ठेवनार का?"
ठरलं: जमिनीवरून आधाराशिवाय उठता आलं तर टाकवं. नाहीतर इथेच, कायमचं. म्हशी विकायच्या.
वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भांडी घासली.

१६ फेब्रु.
उठले. अकरा सेकंद. कशालाही हात न लावता. पिशवी आधीच भरलेली.
चहा डाव्या हाताने घेतला. उजवा शालीत.
"हात दाखवा."
"थंडी हाय."
दुपारचे बारा.
गाडी काढली. कामशेत मागे गेलं. कान्हे फाट्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. डावीकडे टाकवं, सरळ तळेगाव, डॉक्टर.
"वळ की," आबा म्हणाले. मग शाल सावरत, "उद्या जाऊ डाक्टरकडं."
मागून हॉर्न. इंडिकेटर अजून दिलेला नव्हता.